बँडचा लोगो करायचाय? आधी गिटार खोडा

"आमच्या बँडचा लोगो करून देशील का?" असा मेसेज आला की नवख्या डिझायनरचा हात आधी कुठे जातो हे मला आता पाठ झालंय. गिटारकडे. गिटार नसेल तर माइक, माइक नसेल तर हेडफोन घातलेली कवटी. मीही तेच केलं होतं. डोंबिवलीतल्या एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका आणि बिलबुकं लावायचे तेव्हाची गोष्ट. कॉलेजच्या मित्रांचा बँड होता. त्यांना जांभळी गिटार काढून दिली, तिला ज्वाळा आणि ज्वाळांच्या मागे कुठेतरी नाव. मानधन दोन प्लेट मिसळ. टी-शर्ट काळे निघाले. स्टेजवर पिवळा लाइट पडला आणि पाचही पोरांच्या छातीवर नुसता एक काळपट गोळा उरला. ड्रमरच्या आईने कार्यक्रम संपल्यावर विचारलं, "ते वांगं कशाला छापलंय रे?"

त्यानंतर बरेच लोगो केले: पोरांच्या रॉक बँडचे, एकट्याने गाणाऱ्यांचे, बँजो पार्ट्यांचे, एका ढोल-ताशा पथकाचा. आपल्याकडे बँड म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे लाल कोटातले वरातीचे वाजंत्री येतात, त्यांच्यासाठीही खाली लिहिलेलं सगळं तसंच लागू आहे. वाद्यं बदलतात, लोगोच्या अडचणी त्याच राहतात.

मी गृहीत धरलंय की तुम्हाला कोरल ड्रॉ, इलस्ट्रेटर किंवा इंकस्केप यातलं एक काहीतरी जुजबी येतं. इंकस्केप फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं.

१. सॉफ्टवेअर बंद ठेवा, गाणी लावा

बँडची निदान पाच गाणी ऐका. जमलं तर एका तालमीला जाऊन कोपऱ्यात बसा. तिथे जे कळतं ते फोनवर कळत नाही: हे लोक हसतखेळत वाजवतात की दात-ओठ खाऊन, गाण्यात शब्द पुढे आहेत की ढोल पुढे, कोण बोलतो आणि बाकीचे कोणाकडे बघतात. शेवटचा मुद्दा फार कामाचा. ज्याच्याकडे सगळे बघतात, तोच लोगोला शेवटी "हो" म्हणणार असतो. त्याचं नाव पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाच जण पाच दिशांना ओढतात आणि बासवाल्याच्या बहिणीला निळा रंग आवडतो म्हणून तुम्ही रात्री दीड वाजता निळा करत बसता.

प्रश्न थोडेच विचारा. नाव देवनागरीत लिहिणार, रोमनमध्ये, की दोन्हीत? दोन्हीत असेल तर मोठं कुठलं? स्पेलिंग पक्कं आहे का? (हे हसण्यावारी नेऊ नका. लोगो झाल्यावर अंकशास्त्रवाल्याच्या सल्ल्याने एक 'ए' वाढवलेला बँड मी पाहिलाय.) आणि माझा आवडता प्रश्न: "लोगो कसा दिसायला नको?" काय हवं ते लोकांना सांगता येत नाही, काय नको ते मात्र तोंडपाठ असतं.

त्याच बैठकीत नाव यूट्यूबवर, इन्स्टाग्रामवर आणि ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर शोधून बघा. शोधायला पैसे पडत नाहीत. त्याच नावाचा बँड दुसऱ्या शहरात आधीपासून वाजवत असेल तर ते आज कळलेलं बरं.

२. लोगो राहणार कुठे?

कागदावर जागांची यादी करा. फोनवरच्या गोलात, म्हणजे इन्स्टाग्राम आणि यूट्यूबच्या प्रोफाइलवर. गाण्याच्या चौकोनी कव्हरवर. वितरक साधारण ३००० बाय ३००० पिक्सेलचं मागतात. ड्रमसेटच्या बास ड्रमवर, जो बहुधा २२ इंचांचा असतो. टी-शर्टवर. टेम्पोच्या काचेवर रेडियममध्ये. फ्लेक्सवर. आयोजकाच्या पोस्टरवर, तळाशी, इतर आठ जणांच्या रांगेत नखाएवढा.

प्रत्येक जागेचा आपला एक हट्ट असतो. टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगला दर रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणजे रंग वाढला की खर्च वाढला. रेडियम कापून चिकटवतात, त्यात एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारी छटा येतच नाही. भरतकाम केलेल्या टोपीवर एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ दोऱ्यात हरवते. गोलात चौकोनी लोगो बसवायचा तर त्या चौकोनाची बाजू गोलाच्या व्यासाच्या ७० टक्क्यांच्या आत हवी, नाहीतर कोपरे कापले जातात. लांबलचक नावाचं तर तिथे काहीच चालत नाही, त्यासाठी वेगळं छोटं चिन्ह लागतं.

ही यादी नुसती सोपस्कार म्हणून करायची नाही. बीटल्सचा लोगो जन्माला आला तो ड्रमच्या दुकानातच. १९६३ साली रिंगो स्टारसाठी नवा ड्रमसेट घेताना दुकानाचे मालक आयव्हर आर्बिटर यांनी बास ड्रमवर टाकायला म्हणून नाव तिथल्या तिथे रेखाटलं. पहिला 'बी' मोठा, आणि 'टी'ची दांडी खाली ओढलेली, म्हणजे नावातला 'बीट' डोळ्यात भरावा. बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरने ते ड्रमच्या कातड्यावर उतरवलं. मोबदला ५ पौंड. जागा एकच होती आणि ती लांबून दिसायला हवी होती, म्हणून अक्षरं तशी झाली.

३. नाव हातात घ्या

आता खरं काम, आणि इथे घाई करू नका. माझं मत विचाराल तर नव्या बँडला वेगळं चित्र लागतच नाही. लोकांनी तुमचं नाव अजून ऐकलेलं नाही. त्यांना ते वाचता यायला हवं, शोधताना टाइप करता यायला हवं. अमेरिकन गायक प्रिन्सने १९९३ मध्ये नाव टाकून नुसतं एक चिन्ह घेतलं तेव्हा ते छापता यावं म्हणून रेकॉर्ड कंपनीला वर्तमानपत्रांना फ्लॉपीवर ते चिन्ह पाठवावं लागलं. तो प्रिन्स होता, त्याला परवडलं.

ब्लॅक मेटलवाल्यांची, म्हणजे कर्कश रॉकमधल्या एका पंथाची, गोष्ट वेगळी. त्यांचे लोगो मुद्दामच झाडाच्या मुळांसारखे गुंतलेले असतात, आणि श्रोता ते वाचत नाही, आकारावरून ओळखतो. तुमचा बँड त्या पंथाचा असेल तर पुढचा अर्धा सल्ला खुशाल सोडून द्या.

एक उदाहरण घेऊन चालू. समजा बँडचं नाव 'गारपीट'. नाव मी आत्ता बसल्याबसल्या ठेवलंय. नाव ऐकून पहिली कल्पना काय येते? आभाळातून पडणारे पांढरे गोळे. दुसरी, ढग आणि वीज. तिसरी, गारांनी फुटलेली गिटार. या तिन्ही कल्पना कागदावर काढा आणि त्यांच्यावर काट मारा. काढायच्या यासाठी की त्या डोक्यातून जाव्यात. पहिल्या तीन कल्पना शेजारच्या दुकानातल्या डिझायनरलाही सुचणार असतात.

आता चित्र विसरा आणि शब्दाकडे बघा. मोठ्या कागदावर, जाड मार्करने, अक्षरं सुटी लिहा: गा, र, पी, ट. उभे दंड मोजा. ग चा एक, कान्याचा एक, प चा एक, दुसऱ्या वेलांटीचा एक. चार उभे खांब. मधला र आणि शेवटचा ट बिनखांबाचे. र तिरका पाय टाकून उभा, ट आखूड देठाला लटकलेला. उकार नाही, म्हणजे शब्दाचा तळ सपाट आहे, खाली काही लोंबत नाही. वर फक्त एकच गोष्ट शिरोरेघेच्या बाहेर डोकावते, ती म्हणजे वेलांटीची कमान.

चार खांब आणि वर आडवी रेघ. हे घर आहे. आणि गारपीट घराला कुठे लागते? पत्र्याला. आपल्यातल्या ज्याने लहानपणी पत्र्याच्या घरात गारांचा पाऊस ऐकलाय त्याला हा आवाज सांगावा लागत नाही. तो ताशाच असतो. मग शिरोरेघ सरळ कशाला? तीच पन्हळी पत्रा करा. वरून नागमोडी लाट आणि खाली अक्षरं टांगलेली. गारा काढायच्याच नाहीत. पत्रा दिसला की त्या ऐकू येतात.

मला सांगायचंय ते एवढंच, की कल्पना बाहेरून आणून नावावर चिकटवायची नसते, ती बहुतेक वेळा अक्षरांतच बसलेली असते. देवनागरी त्या बाबतीत उदार लिपी आहे. शिरोरेघ तोडता येते, वाकवता येते, गायब करता येते. काना लांबवता येतो. रफार उडवता येतो. अनुस्वाराच्या टिंबाचं काय काय होतं हे मराठी नाटकांच्या जाहिराती पाहत मोठ्या झालेल्यांना सांगायला नको. कमल शेडग्यांनी नाटकांच्या नावांचं जे अक्षरलेखन केलं, त्यात शब्दाचा स्वभाव अक्षरांच्या वळणातूनच कळायचा, बाजूला चित्र असो वा नसो. ते २०२० साली गेले. त्यांची कामं शोधून बघा आणि वहीत नक्कल करा. छापायला नाही, हात बसायला.

'गारपीट'ने आणखी एक गोष्ट आयती दिली. फोनवरच्या गोलासाठी छोटं चिन्ह लागणार होतं ना? पहिलं अक्षर सुटं काढलं की उरतं 'गा'. गाणाऱ्यांच्या बँडला यापेक्षा चांगला हुकूम कुठला? हे मी ठरवून केलं नव्हतं, अक्षरं सुटी लिहिली तेव्हा दिसलं. प्रत्येक नावात असं घबाड मिळेल असं नाही, पण अक्षरं सुटी लिहिल्याशिवाय तर मिळणारच नाही.

नाव रोमनमध्येही लागणार असेल तर देवनागरी वळणाची रोमन अक्षरं करू नका. वर शिरोरेघ ओढलेली इंग्रजी अक्षरं फार तर परदेशातल्या 'इंडियन रेस्टॉरंट'च्या पाटीला शोभतात. दोन्ही लिप्यांत रेघेची जाडी सारखी ठेवा, टोकं सारखी ठेवा, आणि एखादी खूण दोन्हीकडे न्या. आपल्या बाबतीत तीच पन्हळी रेघ रोमन नावाच्या वर वेगळी पट्टी म्हणून बसते, अक्षरांना न चिकटता.

४. फॉन्ट वापरायचा का?

वापरा, सुरुवात म्हणून. ओपन फॉन्ट लायसन्सखाली दिलेले देवनागरी फॉन्ट लोगोसाठी बिनदिक्कत चालतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे बलू आणि मोदक हे फॉन्ट गुबगुबीत आहेत. मोदक तर इतका लठ्ठ की अक्षरांच्या पोटातली जागा फटीएवढी उरते. 'मुक्त' हा फॉन्ट साधा आणि सोशिक. यात्रा वन मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून बेतलाय. पण फॉन्टमध्ये नाव टाइप करून 'झाला लोगो' म्हणू नका. तोच फॉन्ट उद्या चौकातल्या ज्यूस सेंटरच्या पाटीवर दिसेल. एखादं तरी अक्षर तुमचं स्वतःचं हवं.

टाइप करताना दोन खड्डे आहेत. ल आणि श कुठल्या वळणाचे उमटतात ते बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी वळण येतं. मराठी आकार त्याच फॉन्टमध्ये पोटात दडलेला असतो आणि भाषा मराठी निवडली किंवा अक्षरांच्या तक्त्यातून उचलला की मिळतो. दुसरं, काही प्रोग्रॅममध्ये पहिली वेलांटी उडून चुकीच्या अक्षरावर बसते किंवा जोडाक्षर फुटून हलन्त दिसतो. फॉन्ट खराब नसतो, सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय बंद असतो. तो चालू करा.

५. पेन्सिल, ट्रेसिंग, मग माउस

कागदावर छोटे छोटे वीस-पंचवीस नमुने काढा, काडेपेटीएवढे. मोठे काढले की नक्षीत रमायला होतं. त्यातले तीन निवडून पानभर काढा. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून पुन्हा काढा, त्यावर पुन्हा. प्रत्येक थराला अक्षर थोडं सुधारतं. जाड-बारीक रेघ हवी असेल तर कापलेल्या टोकाचा बोरू किंवा आइस्क्रीमची काडी शाईत बुडवून लिहून बघा. रेघ कुठे जाड होते हे हाताला कळलं की माउसने खोटी जाडी द्यावी लागत नाही.

'गारपीट'मध्ये इथे मला तीनदा अडायला झालं. पत्र्याच्या लाटा सगळ्या सारख्या काढल्या तर शब्द गोठलेला दिसायला लागला, जणू खरंच पत्रेवाल्याची जाहिरात. लाटा कमी करून सात ठेवल्या. मग खांब लाटेच्या खोलगट भागाला लागतात की उंचवट्याला, हा प्रश्न आला. कधी इथे कधी तिथे लागले की अक्षरं लटपटतात. चारही दंड खोलगट भागालाच भिडवले. तिसरी भानगड वेलांटीची. तिची कमान लाटेच्या वर आणखी एक लाट काढते आणि गोंधळ होतो. ती कमान सरळ, टोकदार करून टाकली, पत्र्यावर उभा ठोकलेला खिळा वाटावा तशी. मग ती वेलांटीच वाटेना, शब्द 'गारपाट' वाचला जायला लागला. परत गोल केली, पण लाटेपेक्षा दुप्पट मोठी. आता ती लाटांत मिसळत नाही.

हे इतकं सांगण्याचं कारण, तुमच्याही नावात असा एक अवयव निघेल जो कल्पनेला साथ देत नाही. त्याला वळण लावा, पण वाचनाचा बळी देऊन नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याला कागद दाखवा आणि फक्त "काय लिहिलंय?" एवढंच विचारा. "कसं वाटतं" विचारलंत की सगळे चांगलंच म्हणतात.

पेन्सिलचा कागद स्कॅन करा, नाहीतर उजेडात सरळ वरून फोटो काढा, आणि त्यावर वेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रेघांत, हाताने आकार ओढा. आपोआप ट्रेस करणारं बटण दाबू नका. ते एका साध्या कान्याला चाळीस बिंदू देतं आणि कडा उंदराने कुरतडल्यासारख्या होतात. गोलाईला बिंदू तिच्या टोकांच्या जागी द्या: सगळ्यात वर, सगळ्यात खाली, डावीकडे, उजवीकडे. चार बिंदूंत गोल होतो. अक्षरांमधलं अंतर मोजपट्टीने सारखं करू नका, डोळ्याने करा. र आणि पी यांच्यात र च्या पायामुळे मोकळी जागा जास्त दिसते, म्हणून ते जवळ घ्यावे लागतात. शब्द उलटा करून बघितला की भोकं लगेच दिसतात.

६. रंग

सगळ्यात शेवटी. तोवर काळं-पांढरं. काळ्या-पांढऱ्यात जो उभा राहत नाही त्याला कुठलाही रंग वाचवत नाही, माझं वांगं हा त्याचा पुरावा. नंतर एक रंग निवडा, फार तर दोन. 'गारपीट'ला मी गंजाचा तांबूस देईन. निवडलेला रंग स्टेजच्या लाल आणि निळ्या उजेडात कसा दिसतो ते मोबाइलच्या टॉर्चवर रंगीत जिलेटिन धरून घरीच बघता येतं. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा आणि जांभळा छापल्यावर मरतो, हेही बँडला आधीच सांगून ठेवा.

७. लोगोची परीक्षा

नखाएवढा छापा. लाटा बुजल्या? मग छोट्या आकारासाठी सातच्या तीन करा; लहान आणि मोठी अशा दोन आवृत्त्या असण्यात कमीपणा नाही. मोठा छापून भिंतीला लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून, चष्मा काढून बघा. काळ्यावर पांढरा करून बघा. पांढरी अक्षरं काळ्यावर जाड भासतात, पोटं थोडी उघडावी लागतात.

आणि माझी खास परीक्षा, करकटकची. नववीतलं पोरगं मागच्या बाकावर करकटकच्या टोकाने तुमचा लोगो कोरू शकेल का? एसी/डीसीचा लोगो घ्या. जेरार्ड ह्युर्टा यांनी १९७७ साली केलेली ती अक्षरं, मध्ये विजेचा तडाखा, जवळजवळ सगळ्या सरळ रेघा. जगभरच्या बाकांवर तो कोरला गेलाय. याउलट क्वीनचं मानचिन्ह: दोन सिंह, एक खेकडा आणि दोन पऱ्या, म्हणजे चौघांच्या राशी, आणि वर पंख पसरलेला फिनिक्स. ते काढलं फ्रेडी मर्क्युरीने स्वतः. पाचगणीच्या शाळेत शिकलेला, तिथेच पहिला बँड काढलेला आणि पुढे लंडनमध्ये ग्राफिक आर्ट शिकलेला हा पोरगा. चिन्ह देखणं आहे, पण ते नखाएवढं करून बघा, खेकडा सापडत नाही. असं मानचिन्ह हवंच असेल तर अल्बमच्या मागच्या बाजूला ठेवा, रोजच्या कामाला साधं नाव.

८. फाइल द्यायची कशी

इथे मी एकदा तोंडावर आपटले. एका बँजो पार्टीचा वीस फुटी फ्लेक्स गणपतीत लागायचा होता. मी घाईत फाइल पाठवली आणि अक्षरं कर्व्ह करायची, म्हणजे फॉन्ट न लागणारे नुसते आकार करून टाकायची, राहिली. छापणाऱ्याच्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता. त्याचा काही दोष नाही, त्याने आलेलं छापलं. नावातलं जोडाक्षर फुटलं, वेलांटी एक घर पुढे जाऊन बसली, आणि त्या फ्लेक्सखाली पोरं दहा दिवस नाचली. फोटो अजून फिरतात. तेव्हापासून कुठलीही फाइल कर्व्ह केल्याशिवाय माझ्या कॉम्प्युटरबाहेर जात नाही. कर्व्ह न केलेली एक प्रत फक्त स्वतःकडे, दुरुस्तीपुरती.

बँडला एक फोल्डर द्या. त्यात लोगो रंगीत, नुसता काळा आणि नुसता पांढरा. प्रत्येक एसव्हीजी, पीडीएफ आणि पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजीमध्ये, पीएनजी निदान २००० पिक्सेल रुंद. सोबत एक सीडीआर, आणि ती जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली, कारण गावोगावच्या फ्लेक्सवाल्यांकडे कोरल बहुधा जुनंच असतं. गोलासाठीचं छोटं चिन्ह वेगळं. फाइलींना नावं नीट द्या. 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच फायनल' असली नावं दिलीत तर पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तुम्हालाच फोन येणार आहे. फोल्डर जीमेलने किंवा लिंकने पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकलात तर तो दाबून बारीक होतो आणि बँड जन्मभर तोच वापरतो.

९. पैसे आणि सही

मित्रांकडूनही अर्धे पैसे आधी घ्या. रक्कम कितीही लहान असू दे, मिसळही चालेल, पण अर्धी मिसळ आधी. तीन नमुने आणि दोन वेळा दुरुस्ती, त्यापुढे वेगळे पैसे, हे पहिल्या मेसेजमध्येच लिहा.

हक्काचं मात्र कागदावर. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याकडे द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. बँड उद्या दुबईच्या महाराष्ट्र मंडळात वाजवणार असेल तर 'जगभर' हा शब्द कागदात हवा. पूर्ण हक्क देणार की फक्त वापरायची परवानगी, स्वतःच्या कामांच्या नमुन्यात लोगो दाखवता येईल का, आणि बँड फुटला तर नाव-लोगो कोणाकडे राहणार, हेही त्यातच. शेवटचा मुद्दा काढला की सगळे हसतात. लिहून मात्र घ्या.

नाव आणि लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचं काम बँडचं, तुमचं नाही, पण वाट माहीत असावी. करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी वर्ग ४१, टी-शर्ट विकणार असाल तर वर्ग २५. ऑनलाइन अर्ज केला तर एकट्या व्यक्तीला दर वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क पडतं आणि नोंदणी १० वर्षं चालते. मुंबईचं कार्यालय अँटॉप हिलला आहे, पण तिथे खेपा घालायची गरज सहसा पडत नाही. नोंदणी होईपर्यंत लोगोच्या शेजारी 'टीएम' लावता येतं. वर्तुळातला 'आर' नोंदणी झाल्यावरच, आधी लावणं हा गुन्हा आहे.

पेन्सिलचे कच्चे कागद फेकू नका. प्रत्येकावर तारीख टाका आणि एका पाकिटात ठेवा. लोगो तुम्हीच काढला याचा तो सगळ्यात साधा पुरावा. रोलिंग स्टोन्सची ती बाहेर आलेली लाल जीभ जॉन पाश या कलामहाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने १९७० साली काढली, मिक जॅगरने दाखवलेल्या कालीमातेच्या चित्रावरून. त्याला मिळाले ५० पौंड. त्याचं मूळ चित्र २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने विकत घेतलं. माझ्या जांभळ्या गिटारचा कागद मी रागाने फाडला होता, त्यामुळे म्युझियमचा प्रश्न मिटला. टी-शर्ट मात्र एक शिल्लक आहे. ड्रमर त्याने बाइक पुसतो.